बोट दिसते, विमान दिसत नाही : कठोर आश्रयधोरणाला लोकांचा पाठिंबा का मिळतो?

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या दर चार माणसांपैकी एकाहून अधिक माणसे परदेशात जन्मलेली आहेत, आणि निर्वासितांविषयीचा 1951 चा आंतरराष्ट्रीय करार ज्या पहिल्या सहा देशांच्या मान्यतेमुळे 1954 मध्ये अमलात आला, त्यांत ऑस्ट्रेलियाही होता. असे असूनही बोटीने येऊन आश्रय मागणाऱ्यांना बेमुदत कोंडून ठेवणारे, दूरच्या बेटांवर धाडणारे आणि भरसमुद्रातून माघारी फिरवणारे धोरण याच देशाने आखले व तेथील मतदारांनी ते वर्षानुवर्षे उचलून धरले. एरवी कायदा पाळणारी, वणवे आणि पूर आले की मदतीला धावणारी माणसे अशा धोरणाला संमती कशी देतात, हा प्रश्न त्यामुळे सहज पडतो.

त्याचे सर्वांत सोपे उत्तर ‘वंशद्वेष’ असे दिले जाते. 1901 पासून सुमारे सात दशके गोऱ्यांखेरीज इतरांना दूर ठेवणारे धोरण राबवलेल्या देशाच्या बाबतीत ते उत्तर अगदीच चुकीचे म्हणता येत नाही. पण ते अपुरे आहे, कारण ज्या काळात बोटींविरुद्धचे धोरण कठोर होत गेले, त्याच काळात भारत, चीन आणि फिलिपीन्स येथून लाखो लोक ऑस्ट्रेलियात रीतसर स्थायिक झाले, त्यांत मराठी कुटुंबेही आली, आणि त्याविरुद्ध तेवढा क्षोभ उसळला नाही. तेव्हा द्वेषाच्या जोडीला आणखी काय काम करते, हे या प्रकरणात क्रमाने पाहायचे आहे.

1. आश्रयार्थी कोण, आणि धोरण कसे घडत गेले

आश्रयार्थी म्हणजे मायदेशात छळ होण्याच्या भीतीने दुसऱ्या देशात पोहोचून संरक्षण मागणारी, पण जिच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही अशी व्यक्ती. निकाल तिच्या बाजूने लागला की ती निर्वासित ठरते. छळापासून थेट पळून आलेल्या व्यक्तीने वेळेवर स्वतःची माहिती अधिकाऱ्यांना दिली, तर केवळ परवान्याविना प्रवेश केला म्हणून तिला शिक्षा करू नये, असे 1951 चा करार सांगतो. इंडोनेशियामार्गे आलेले लोक ‘थेट’ आलेले नाहीत, असा युक्तिवाद यावर केला जातो आणि वादाचे एक मूळ तेथे आहे.

बोटीने विनापरवाना येणाऱ्यांना सक्तीने स्थानबद्ध करण्याचा कायदा 1992 मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान पॉल कीटिंग यांच्या काळात झाला. ऑगस्ट 2001 मध्ये ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या बोटीवरील 433 जणांना वाचवले, तेव्हा लिबरल पक्षाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी त्यांना ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर उतरू दिले नाही. बहुतेकांना नौरू या प्रशांत महासागरातील चिमुकल्या देशात आणि काहींना न्यूझीलंडला पाठवण्यात आले. त्या वेळच्या जनमत चाचण्यांत सुमारे तीन-चतुर्थांश लोक सरकारच्या बाजूने होते. 2008 मध्ये मजूर पक्षाने बेटांवरील केंद्रे बंद केली, बोटी पुन्हा वाढल्या, 2012 मध्ये त्याच पक्षाने ती पुन्हा उघडली, आणि जुलै 2013 मध्ये केविन रड यांनी बोटीने येणाऱ्या कोणालाही ऑस्ट्रेलियात कधीच वसू दिले जाणार नाही असे जाहीर केले. त्याच वर्षी ‘बोटी थांबवा’ या घोषणेवर निवडून आलेल्या टोनी अ‍ॅबट यांनी नौदलाच्या साहाय्याने बोटी परतवण्याची मोहीम सुरू केली. म्हणजे हे धोरण दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून घडवलेले आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे या एकमताचाही लोकांच्या मनावर परिणाम होतो.

2. संख्येची भीती की ताबा सुटल्याची भावना

कठोर धोरणाच्या समर्थनार्थ पहिला मुद्दा मांडला जातो तो संख्येचा. 2012–13 या वर्षात, म्हणजे बोटींचे प्रमाण सर्वाधिक असताना, सुमारे 25,000 लोक बोटींनी आले. तेव्हा ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या सुमारे 2 कोटी 30 लाख होती. भागाकार केला तर दर 920 रहिवाशांमागे एक आश्रयार्थी असे प्रमाण निघते. त्याच वर्षी कायमस्वरूपी स्थलांतरासाठी सरकारने स्वतःहून 1,90,000 जागा ठेवल्या होत्या, म्हणजे बोटीने आलेल्यांच्या साडेसात पट.

याहून बोलकी तुलना पुढच्या काळात मिळते. 2017–18 मध्ये पर्यटक किंवा विद्यार्थी म्हणून वैध व्हिसावर विमानाने आलेल्या 25,000 हून अधिक लोकांनी ऑस्ट्रेलियात आश्रयासाठी अर्ज केले. बोटीने आलेल्यांपैकी बहुसंख्य लोक तपासाअंती खरे निर्वासित ठरले होते, तर विमानाने आलेल्यांचे बहुतांश अर्ज फेटाळले गेले. तरीही विमानतळाच्या प्रश्नावर ना निवडणूक लढवली गेली, ना कोणाला बेटावर पाठवण्यात आले. संख्या तेवढीच असताना लोकांची प्रतिक्रिया इतकी निराळी असेल, तर तिचे कारण संख्येच्या बाहेर शोधावे लागते.

त्यातील एक कारण स्मरणाशी निगडित आहे. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये असे दाखवले की, एखादी गोष्ट किती वेळा घडते याचा अंदाज माणूस आकडेमोड करून बांधत नाही, तर तिची उदाहरणे किती सहज आठवतात यावरून बांधतो. माणसांनी खच्चून भरलेली, कललेली बोट दूरदर्शनच्या पडद्यावर एकदा पाहिली की मनात ठसते. विमानतळावरील तपासणी खिडकीपाशी उभ्या असलेल्या प्रवाशाचे चित्र कोणी दाखवत नाही आणि दाखवले तरी ते लक्षात राहत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. विमानाने येणाऱ्याला राज्याने आधी ‘या’ म्हटलेले असते. बोटीने येणारा मात्र दारात उभा राहिल्यावरच राज्याला कळतो. कोण येणार आणि कोणत्या परिस्थितीत येणार हे आम्हीच ठरवू, अशा आशयाचे हॉवर्ड यांचे ऑक्टोबर 2001 मधील वाक्य निवडणूक प्रचाराचा कणा ठरले, ते याच भावनेला हात घालणारे असल्यामुळे. न्यू यॉर्कवरील हल्ल्याला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता आणि जग हाताबाहेर चालल्याची धास्ती सर्वत्र होती. अशा वेळी माणसाला ताबा परत मिळाल्याचे दृश्य चिन्ह हवे असते. हॉवर्ड यांच्या कारकिर्दीत स्थलांतरितांच्या वार्षिक जागा सुमारे दुप्पट झाल्या, याकडे मतदारांनी फारसे लक्ष दिले नाही. कारण त्या जागा वाढवण्याचा निर्णय ‘आपला’ होता.

3. रांग मोडल्याचा राग

ऑस्ट्रेलियात बोटीने येणाऱ्यांवर सर्वाधिक वेळा घेतला जाणारा आक्षेप म्हणजे ते रांग मोडून पुढे घुसतात. रेशनच्या दुकानापुढे तासभर ताटकळलेल्या माणसाला मध्येच शिरणाऱ्याविषयी जो संताप येतो, तो मध्ये शिरणाऱ्याच्या जातीधर्मावर अवलंबून नसतो. नियम पाळणाऱ्याची फसवणूक झाली ही जाणीव त्यामागे असते. न्यायबुद्धी शाबूत असलेल्या माणसालाच हा राग येतो, आणि म्हणूनच तो राजकीयदृष्ट्या फार प्रभावी ठरतो. विनिफ्रेड लुईस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासातही, आश्रयार्थींना बाहेर ठेवण्याच्या इच्छेमागे धोक्याच्या भावनेबरोबर न्याय-अन्यायाच्या कल्पना उभ्या असल्याचे दिसले.

प्रश्न असा आहे की अशी रांग खरोखर असते का. रांगेसाठी खिडकी लागते, क्रमांक लागतो आणि आज ना उद्या पाळी येईल याची खात्री लागते. जगातील निर्वासितांपैकी एका वर्षात तिसऱ्या देशात रीतसर वसवले जाणारे लोक एक टक्क्याहूनही कमी असतात, आणि त्यांची निवड अर्जाच्या तारखेवरून न होता गरज व स्वीकारणाऱ्या देशाची पसंती यांवरून होते. रेशन दुकानाच्या रांगेतील शेवटच्या माणसाला उशिरा का होईना धान्य मिळण्याची आशा असते. छावणीतील बहुसंख्य निर्वासितांना ती नसते.

तरीही ही रांग पूर्णपणे काल्पनिक म्हणता येत नाही, कारण तिचा काही भाग खुद्द सरकारी नियमानेच तयार केला. 1996 मध्ये ऑस्ट्रेलियाने परदेशातील छावण्यांतून निवडलेले निर्वासित आणि देशात पोहोचून आश्रय मिळवणारे लोक यांची मोजणी एकाच कोट्यात सुरू केली. समजा, वर्षाला 13,000 जागा आहेत आणि देशात पोहोचलेल्या 3,000 लोकांना आश्रय मिळाला, तर छावण्यांसाठी 10,000 जागा उरतात. दोन्ही कोटे वेगळे ठेवले असते, तर एकाच्या प्रवेशाने दुसऱ्याची जागा गेली नसती. बोटीतला माणूस छावणीतल्या माणसाचा प्रतिस्पर्धी ठरला तो या हिशेबपद्धतीमुळे. पण लोकांना हिशेबाची वही दिसत नाही, त्यांना फक्त बोटीतला माणूस दिसतो.

न्यायबुद्धीची आणखी एक आडवाट मेल्विन लर्नर यांनी दाखवून दिली. 1966 मध्ये लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एका स्त्रीला विजेचे झटके बसत असल्याचा देखावा इतर स्त्रियांना दाखवला गेला; तिचा त्रास थांबवणे आपल्या हाती नाही असे वाटल्यावर पाहणाऱ्या स्त्रियांचे तिच्याविषयीचे मत घसरले. जग न्यायाने चालते आणि ज्याच्या वाट्याला दुःख येते त्याने ते कुठेतरी ओढवून घेतलेले असते, या समजुतीला ‘न्याय्य जगावरील श्रद्धा’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथे तेव्हा असलेल्या वाळवंटी स्थानबद्धता केंद्राच्या काटेरी तारांमागची माणसे पाहून सामान्य नागरिकाच्या मनात हीच श्रद्धा जागी होई : ज्याअर्थी यांना कोंडले आहे, त्याअर्थी यांनी काहीतरी केलेच असणार. अशा रीतीने शिक्षाच गुन्ह्याचा पुरावा बनते.

4. ‘आपण’ आणि ‘ते’

ब्रिस्टल येथे हेन्री तायफेल यांनी शाळकरी मुलांवर केलेले आणि 1970 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग गटभावना किती क्षुल्लक आधारावर उभी राहते हे दाखवतात. मुलांना पडद्यावरील ठिपके मोजण्यासारख्या किंवा दोन चित्रकारांपैकी एकाला पसंती देण्यासारख्या निरर्थक निकषांवरून गटांत विभागले गेले आणि इतरांना पैशांच्या स्वरूपातील गुण वाटण्यास सांगितले गेले. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप तर दिलेच, पण दोन्ही गटांना मिळून अधिक लाभ होईल अशा वाटपापेक्षा आपला गट दुसऱ्याच्या पुढे राहील असे वाटप कित्येकदा पसंत केले. ठिपक्यांवरून जर एवढे घडत असेल, तर भाषा, धर्म आणि नागरिकत्व यांच्या सीमारेषा मनावर किती काम करत असतील, याची कल्पना येते.

परक्या गटाकडून जाणवणारा धोका समाजमानसशास्त्रज्ञ दोन प्रकारांत मांडतात. नोकऱ्या, घरे, रुग्णालयातील खाटा किंवा सुरक्षितता यांवर गदा येईल अशी भीती म्हणजे वास्तव धोका; आपली जीवनपद्धती आणि मूल्ये बिघडतील अशी भीती म्हणजे प्रतीकात्मक धोका. त्यातील दुसरा अनेकदा अधिक जोरकस ठरतो, आणि 2001 ची एक घटना त्याचा नमुना म्हणून सांगता येते. ऑक्टोबरमध्ये, निवडणुकीला महिनाभर उरला असताना, आश्रयार्थींनी आपली मुले समुद्रात फेकली असे मंत्र्यांनी जाहीर केले आणि पाण्यातील मुलांची छायाचित्रेही प्रसिद्ध करण्यात आली. प्रत्यक्षात ती छायाचित्रे दुसऱ्या दिवशी बोट बुडत असतानाची होती, आणि मुले फेकली गेलीच नव्हती असा निष्कर्ष 2002 मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या चौकशीने काढला. या आरोपात नोकरीचा वा घराचा प्रश्न कुठेही नव्हता. पोटच्या मुलांना असे वागवणारे लोक आपल्यासारखे नाहीत, एवढाच त्याचा संदेश होता, आणि तो मतदानापूर्वी लोकांपर्यंत पोहोचला होता.

मात्र नागरिकांचे मन एकरंगी नसते. किर्क बॅन्सॅक, जेन्स हाइनम्यूलर आणि डॉमिनिक हँगार्टनर यांनी 2016 मध्ये युरोपातील 15 देशांत 18,000 लोकांपुढे आश्रयार्थींची कल्पित वर्णने ठेवून निवड करण्यास सांगितले, तेव्हा तीन कल ठळकपणे दिसले : काम करून अर्थव्यवस्थेत भर घालू शकणारा अर्जदार पसंत केला गेला, छळ सोसलेल्याला अधिक सहानुभूती मिळाली, आणि मुस्लिमापेक्षा ख्रिश्चन अर्जदाराला प्राधान्य मिळाले. उपयुक्तता, करुणा आणि धार्मिक पूर्वग्रह या तिन्ही गोष्टी एकाच मनात नांदतात, हे या अभ्यासातून समजते.

5. अंतर आणि चेहरा

समोरच्या माणसाला दुखवणे बहुतेकांना जड जाते. न दिसणाऱ्या माणसाबाबत मात्र तो अडसर राहत नाही. अल्बर्ट बँड्युरा यांनी ‘नैतिक अलिप्तता’ ही संकल्पना मांडली. स्वतःला सज्जन मानणारा माणूस क्रौर्याला संमती देताना सौम्य सरकारी शब्दांचा आडोसा घेतो, जबाबदारी दुसऱ्यावर ढकलतो आणि पीडिताचे माणूसपण नजरेआड करतो, असा तिचा आशय आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्यवस्थेत या तिन्हींची सोय आढळते. केंद्रे नौरू आणि पापुआ न्यू गिनीच्या मॅनस बेटावर होती, ती खासगी कंपन्या चालवत, आणि त्यामुळे उत्तरदायी नेमके कोण हा प्रश्न लोंबकळत राहिला. केंद्रांतील माणसांना बोटीवरून ठरवलेल्या क्रमांकाने ओळखले जाई. 2014 मध्ये नौरूने पत्रकारांच्या व्हिसाचे शुल्क 200 वरून 8,000 ऑस्ट्रेलियन डॉलर केले आणि अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नसे. 2015 च्या कायद्याने तर केंद्रांतील कर्मचाऱ्यांना तेथील माहिती उघड केल्याबद्दल दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. डॉक्टरांना आणि परिचारिकांना त्यातून सूट मिळाली ती पुढच्या वर्षी.

चेहरा दिसला की काय होते, याचे उदाहरण सप्टेंबर 2015 मध्ये मिळाले. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर मृतावस्थेत सापडलेल्या आलान कुर्दी या सीरियन बालकाचे छायाचित्र जगभर पोहोचल्यानंतर आठवड्याभरातच अ‍ॅबट सरकारने सीरिया व इराकमधील 12,000 जादा निर्वासितांना घेण्याचे जाहीर केले, तेही बोटी परतवण्याची मोहीम चालू ठेवून. पॉल स्लोव्हिक यांच्या अभ्यासानुसार, स्वीडनमधील रेड क्रॉसकडे सीरियन निर्वासितांसाठी येणाऱ्या देणग्या त्या छायाचित्रानंतर कित्येक पटींनी वाढल्या, परंतु सुमारे सहा आठवड्यांत हा ओघ आटला. तोवर सीरियातील युद्धात लाखो लोक मेले होते आणि त्या आकड्याने जे झाले नव्हते ते एका मुलाच्या चित्राने झाले. एका माणसाचे दुःख मनाला भिडते, लाखांचे भिडत नाही. या बधिरपणामुळे ‘बोटी’, ‘लोंढे’ अशा समूहवाचक शब्दांत बोलणाऱ्यांचे काम सोपे होते.

6. करुणेच्या नावाने कठोरता

कठोर धोरणाच्या बाजूने केला जाणारा सर्वांत गंभीर युक्तिवाद मृत्यूंचा आहे. ऑक्टोबर 2001 मध्ये एका बोटीच्या अपघातात 353 जण बुडाले, डिसेंबर 2010 मध्ये ख्रिसमस बेटाच्या खडकांवर आपटून फुटलेल्या बोटीवरील सुमारे 50 जण रहिवाशांच्या डोळ्यांदेखत गेले, आणि 2008 ते 2013 या काळात एक हजाराहून अधिक माणसे समुद्रात दगावली असे मानले जाते. नौदलाच्या परतवणीच्या मोहिमेनंतर ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचणाऱ्या बोटी जवळजवळ थांबल्या, हेही खरे आहे. त्यामुळे या युक्तिवादाला निव्वळ ढोंग म्हणून बाजूला सारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मानसशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या युक्तिवादाने केलेले मनाचे समाधान. आपण दयाळू आहोत ही स्वप्रतिमा आणि आपण क्रूर धोरणाला मत देतो ही वस्तुस्थिती यांची टक्कर झाली की जी अस्वस्थता निर्माण होते, तिला मानसशास्त्रात ‘बोधात्मक विसंगती’ म्हणतात. ती मिटवण्यासाठी माणूस एक तर वागणे बदलतो, नाही तर वागण्याचा अर्थ बदलतो. जीव वाचवण्यासाठीच कठोर व्हावे लागते, या मांडणीने दुसरा मार्ग खुला केला. पण बोटी थांबवणे आणि आधीच पोहोचलेल्यांना वर्षानुवर्षे बेटावर ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या समर्थनार्थ दिलेले कारण दुसरीला आपोआप लागू पडत नाही, हा फरक त्या समाधानात बुडून गेला.

7. मत बदलते तेव्हा

या प्रवृत्ती माणसाच्या मनात असल्या, तरी त्यांतून निघणारे मत अटळ नसते. 1976 मध्ये व्हिएतनामी निर्वासितांची पहिली बोट डार्विनला लागली, तेव्हाही अनेकांचा विरोध होता. पण पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांनी त्या विरोधाला खतपाणी न घालता छावण्यांतून हजारोंना रीतसर आणण्याची व्यवस्था केली आणि विरोधी पक्षानेही तो प्रश्न निवडणुकीचे हत्यार बनवला नाही. नागरिक आपल्या नेत्यांच्या वर्तनावरून धोक्याचे मोजमाप करतात. दोन्ही पक्ष एकसुरात धोका सांगू लागले, की शंका घ्यायलाही आधार उरत नाही.

दुसरा बदल परिचयातून होतो. भिन्न गटांतील लोक समान पातळीवर, सहकार्याने एकत्र आले तर पूर्वग्रह कमी होतो, हे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडलेले सूत्र पुढे 500 हून अधिक अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीत बव्हंशी टिकले. क्वीन्सलंडमधील बिलोएला या लहानशा, राजकीयदृष्ट्या सनातनी मानल्या जाणाऱ्या गावात राहणाऱ्या एका श्रीलंकन तमिळ आश्रयार्थी कुटुंबाला 2018 मध्ये पहाटे उचलून स्थानबद्ध केले गेले, तेव्हा गावकऱ्यांनीच त्यांच्या सुटकेची मोहीम उघडली, आणि 2022 मध्ये ते कुटुंब गावात परतले. त्या गावाने ‘आश्रयार्थी’ या वर्गाविषयीचे मत बदलले असेलच असे नाही. पण ते कुटुंब त्यांच्यासाठी ‘आपण’मध्ये मोडू लागले होते. नौरूवरील मुलांची कहाणी डॉक्टर आणि शिक्षक उघडपणे सांगू लागल्यानंतर फेब्रुवारी 2019 पर्यंत शेवटची मुलेही बेटावरून हलवली गेली, हाही त्याच जातीचा बदल होता.

तिसरा मुद्दा माहितीचा. पर्थ येथील मर्डोक विद्यापीठातील अ‍ॅन पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, आश्रयार्थींविषयीच्या चुकीच्या समजुती आणि त्यांच्याविषयीची प्रतिकूल मते हातात हात घालून चालतात, तसेच प्रतिकूल मते असणारे लोक ‘सगळ्यांना असेच वाटते’ असे प्रत्यक्षाहून अधिक प्रमाणात गृहीत धरतात. केवळ आकडे सांगून मत फिरत नाही. परंतु आपण समजतो तेवढे बहुमत आपल्या मागे नाही हे कळले, की मताचा आवाज तरी खाली येतो.

एकंदरीत पाहता, कठोर आश्रयधोरणाला मिळणारा पाठिंबा द्वेषाच्या राजरस्त्यापेक्षा न्याय, सुव्यवस्था, सुरक्षितता आणि करुणा या चांगल्या मूल्यांच्या पायवाटांनी अधिक येतो, आणि म्हणूनच समर्थकांना खलनायक ठरवून तो ओसरत नाही. याचबरोबर, रांग निर्माण करणारा कोट्याचा नियम, गुन्हेगारीचा भास देणारी काटेरी तार आणि चेहरा लपवणारे अंतर ही सगळी धोरणाचीच निर्मिती असते. लोकमतामुळे धोरण ठरते असे मानले जाते, तेवढेच धोरणामुळे लोकमतही घडते. म्हणून अशा धोरणाची चर्चा निघाली की वाचकाने दोन प्रश्न वेगळे ठेवावेत : देशाने किती लोकांना आणि कसा प्रवेश द्यावा, यावर समंजस माणसांत मतभेद असू शकतात, पण दारात आलेल्या माणसाला कसे वागवावे, याचे उत्तर त्या मतभेदावर सोपवता येत नाही.